पाण्याखालच्या रोबोंच्या विद्यार्थी स्पर्धा

शाळा-कॉलेजच्या पोरापोरींनी स्वतः बनवलेला रोबो पाण्यात उतरवायचा आणि ठरलेल्या वेळात त्याच्याकडून कामं करून घ्यायची, अशी ही स्पर्धा असते. रोबो दोन जातीचे. आरओव्हीला वायर बांधलेली असते, काठावर बसलेला पोरगा स्क्रीन बघून तो चालवतो. एयूव्ही एकदा सोडला की सगळं त्याचं त्यालाच ठरवावं लागतं, कारण पाण्यात जीपीएस पोचत नाही आणि वायफायचंही तेच. आरओव्हीची मेट स्पर्धा २००२ पासून आणि एयूव्हीची रोबोसब १९९८ पासून, दोन्ही अमेरिकेतल्या. रोबोसबमध्ये गेटमधून जायचं, छोटे टॉर्पेडो मारायचे, पिंगरचा (पाण्यात ठेवलेल्या, ठराविक आवाज काढणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकत नेमकं तिथेच वर यायचं. आयआयटी बॉम्बेची पोरं आपला 'मत्स्य' घेऊन तिथे जातात (भारताच्या समुद्रयान मोहिमेचं खोल समुद्रात माणसं नेणारं मत्स्य ६००० वेगळं बरं का).

नागपूरला समुद्र कुठून आणायचा असं लोक पहिल्यांदा विचारतात, पण समुद्र लागतच नाही, रोबोसबसुद्धा कितीतरी वर्षं सॅन दिएगोला नौदलाच्या कृत्रिम तळ्यात झाली, आणि सुरुवात तर घरच्या ड्रममध्येही होते. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर चालून राहिलेले असतात, त्यातला बंद पडलेला छोटा पंप एकदा नीट बघा. वायरची गुंडाळी पूर्ण इपॉक्सीत (घट्ट होऊन कडक होणाऱ्या गोंदात) ओतून बंद केलेली असते, म्हणून तो दिवसभर पाण्यात बुडून चालतो, आणि रोबोच्या मोटरमध्येही हीच युक्ती असते!

खरी लढाई लीकेजशी. सर्किटच्या डब्याचं झाकण घट्ट बसवणाऱ्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं, आणि दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे सर्किट बसवायच्या आधी रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवून डबा रात्रभर बुडवून ठेवायचा, सकाळी कागद कोरडा निघाला तरच पुढचं काम. माझ्या मते कोडिंगपेक्षा हीच पायरी जास्त शिकवते.

दुसरं म्हणजे तोल. रोबो बुडायलाही नको आणि तरंगायलाही नको. २० लिटर जागा व्यापणारा रोबो नळाच्या पाण्यात बरोबर जमवला तरी खाऱ्या पाण्यात त्याला साधारण अर्धा किलो जास्त उचल मिळते, म्हणून फोमचे तुकडे आणि वजनं सोबत ठेवावीच लागतात.