लॅपटॉपचा सेल की ड्रिलचा? चांगल्या टॉर्चसाठी बॅटरी निवडताना

ऑनलाइन दुकानांत १८६५० मापाचे रिचार्जेबल सेल शोधले की शे-दीडशे रुपयांत ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) छापलेले चकचकीत सेल समोर येतात. त्यांच्या शेजारीच कितीतरी महाग आणि जेमतेम ३५०० एमएएचचा एखादा साधासा दिसणारा सेल असतो. नुकतेच सात-आठ हजार टॉर्चवर घालवलेला माणूस साहजिकच पहिल्याकडे वळतो.

थोडं गणित करून बघू. १८६५० या आकड्यातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. आकारमान निघतं साडेसोळा घन सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेल साडेतीन हजार एमएएच बसवतात; सिलिकॉन मिसळलेले अगदी नवे काही सेल त्याच्या थोडे पुढे गेले आहेत. सेलच्या सरासरी ३.६ व्होल्टने गुणलं की साठलेली ऊर्जा झाली साधारण साडेबारा वॅट-तास. ९९०० एमएएच खरे असते तर त्याच डबीत ३५ वॅट-तास मावले असते, आणि ज्या कारखान्याला हे जमलं असतं त्याच्या दारात जगभरच्या मोटारकंपन्या रांग लावून उभ्या राहिल्या असत्या. शंका असेल तर सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. छापील आकड्याच्या जोरावर विकले जाणारे सेल पुष्कळदा बरेच हलके निघतात, कारण आत माल कमी असतो.

खोट्या मालाचा प्रश्न एवढ्यात मिटतो. खरी अडचण खऱ्या सेलमध्ये निवड करताना येते.

टॉर्चसाठी म्हणून वेगळा सेल विकसित करावा एवढी ही बाजारपेठ मोठी नाही. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती व्हिडिओ कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठी. पुढे १८६५० हे माप लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमध्ये रूढ झालं; टेस्लाच्या २००८ सालच्या पहिल्या रोडस्टर गाडीत असे ६,८३१ सेल एकत्र बांधलेले होते. त्यानंतर आलेलं २१७०० हे माप, म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी, गाजलं तेही मोटारींमुळेच. दुसरीकडे कॉर्डलेस ड्रिल, गवत कापायची यंत्रं यांना लागणारे सेल वेगळे. आपण टॉर्चवाले या दोन मोठ्या गिऱ्हाइकांच्या पंगतीत मागच्या दाराने शिरलेले पाहुणे. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता, तैवानची मोलिसेल अशा मोजक्या कंपन्या मूळ सेल बनवतात. टॉर्चच्या ब्रँडचं नाव असलेला सेल बहुधा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, वर वेष्टन तेवढं नवं. यात गैर काही नाही, पण आतला सेल कुठला हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

तर लॅपटॉपचा सेल आणि ड्रिलचा सेल यांत फरक काय? बाहेरून काहीच नाही. तो आतल्या गुंडाळीत असतो. सेलच्या पोटात तांब्याची आणि ॲल्युमिनियमची अशा दोन लांब पातळ पट्ट्या असतात. तांब्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमवर लिथियमच्या ऑक्साइडचा लेप, मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं अळूवडीच्या उंड्यासारखं घट्ट वळून डबीत बसवलेलं. ऊर्जा साठते ती लेपात. पट्टी केवळ वीज वाहून नेते. बेसन जाड थापलं तर पानं कमी लागतात, तसंच इथेही: लेप जाड ठेवला तर त्याच जागेत सक्रिय पदार्थ जास्त मावतो आणि क्षमता वाढते. पण मग लिथियमच्या आयनांना जाड थरातून वाट काढत जावं लागतं, धातूची पट्टीही लांबीने कमी भरते, आणि अंतर्गत रोध, म्हणजे विजेला सेलच्या आतच होणारा अडथळा, वाढतो. लेप पातळ ठेवला तर याच्या उलट. वीज सपाट्याने बाहेर येते, साठा मात्र घटतो. डबीचं माप ठरलेलं असल्याने एकीकडे मिळवलेलं दुसरीकडे द्यावं लागतं.

आकड्यांत हे चित्र स्वच्छ दिसतं. एलजीचा एमजे१ हा ३५०० एमएएचचा सेल सलग १० अँपिअर प्रवाह देऊ शकतो. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा आहे आणि १५ अँपिअर देतो. मोलिसेलचा पी२६ए मात्र २६०० एमएएच साठवून ३५ अँपिअरपर्यंत जातो. तिन्ही एकाच मापाचे, तिन्ही चांगल्या घरचे. यातला ‘सर्वात भारी’ कोणता, या प्रश्नाला टॉर्च कोणती हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

आता टॉर्चला किती लागते ते बघू. एका एलईडीच्या, हजारेक लुमेनच्या (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) टॉर्चला सेलमधून साधारण तीन अँपिअर पुरतात. हे काम वरचा कुठलाही सेल झोपेतही करेल. चार एलईडींची, चार हजार लुमेनची टॉर्च मात्र पूर्ण तेजावर चाळीसेक वॅट खाते, म्हणजे बारा अँपिअरच्या आसपास. समजा सेलचा अंतर्गत रोध ४० मिलिओहम आहे. बारा अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतो आणि पावणेसहा वॅट उष्णता सेलच्या पोटात तयार होते. रोध १५ मिलिओहम असेल तर हेच आकडे ०.१८ व्होल्ट आणि दोन वॅटच्या थोडे वर.

अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, बहुतेक काळ ३.६-३.७ च्या आसपास राहतो आणि तीनच्या खाली त्यात फारसा राम उरत नाही. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच तीन व्होल्टच्या वर हवं असतं. त्यामुळे रोध जास्त असलेला सेल अर्धा भरलेला असतानाही टॉर्चला तो संपत आल्यासारखा वाटतो. ती आपणहून तेज उतरवते किंवा बॅटरी संपल्याचा लाल दिवा लावते. सेल बाहेर काढून मल्टिमीटर लावा, दाखवेल ३.७ व्होल्ट! मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून मीटरला सेल धडधाकट दिसतो.

एवढं वाचून सगळेच ड्रिलच्या सेलकडे धावतील, तर जरा थांबा. चार हजार लुमेनचा तो ‘टर्बो’, म्हणजे पूर्ण तेज, बहुतेक टॉर्च एक-दोन मिनिटांत स्वतःच खाली आणतात, कारण हाताच्या मुठीएवढ्या धातूला चाळीस वॅटांतून निघणारी उष्णता फेकता येत नाही. पुढचा अख्खा वेळ टॉर्च चालते ती हजार-बाराशे लुमेनवर. शिवाय आपला डोळा प्रकाशाच्या बाबतीत सरळ बेरीज करत नाही. उजेड दुप्पट वाटायला तो जवळपास चौपट करावा लागतो. चार हजारांच्या जागी साडेतीन हजार लुमेन आले तर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येणार नाही. रात्री राजगड चढताना किंवा थ्री-फेजची वीज रात्रीची म्हणून पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला तीनशे लुमेन पहाटेपर्यंत टिकणं महत्त्वाचं. बिबट्याची चाहूल लागली तर दहा सेकंदांचा टर्बो हवा, तो दहा अँपिअरचा सेलही देतो. म्हणून माझं मत असं: एका एलईडीच्या टॉर्चला ३५०० एमएएचचा सेल घ्यावा, तीन-चार एलईडींच्या टॉर्चला ३०००चा मधला. २६००चा सेल ज्यांना टर्बोचं खरंच वेड आहे त्यांनीच घ्यावा. आणि टॉर्च अजून घ्यायची असेल तर सरळ २१७०० मापाची घ्या. मोलिसेलचा पी४२ए हा सेल ४२०० एमएएच आणि ४५ अँपिअर एकदम देतो, त्यामुळे ही ओढाताण बरीचशी संपते. टॉर्च थोडी जाड होते, सेल सत्तर ग्रॅमच्या आसपास जातो, एवढंच.

खरेदी करताना आणखी एका गोष्टीत माणसं हमखास फसतात. काही सेलच्या बुडाशी एक छोटं संरक्षक सर्किट असतं. सेल फार रिकामा झाला, जास्त भरला किंवा शॉर्ट झाला तर ते वीज तोडतं. सुरक्षित आहेच, पण त्यामुळे सेलची लांबी तीन-चार मिलिमीटरने वाढते आणि काही टॉर्चमध्ये तो बसतच नाही, किंवा झाकण जोर लावून आवळावं लागतं. दुसरी गंमत म्हणजे या सर्किटलाही अँपिअरची मर्यादा असते. ती टर्बोपेक्षा कमी असेल तर बटण दाबल्या दाबल्या टॉर्च ठार बंद. चार एलईडींच्या टॉर्चला बहुधा संरक्षक सर्किट नसलेलाच सेल लागतो. सेल फार रिकामा होऊ न देण्याचं काम टॉर्चच करते. धन टोकाला उंचवटा हवा की सपाट चालेल हेही टॉर्चच्या माहितीपत्रकात बघून घ्यावं. भारतात लिथियम सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, वेष्टनावर तो क्रमांक आहे का तेही पाहा. काही कंपन्या दोन्ही टोकं एकाच बाजूला असलेला, फक्त त्यांच्याच टॉर्चला चालणारा सेल देतात. मी अशी टॉर्च घेणार नाही. चार वर्षांनी तो सेल मिळाला नाही तर टॉर्चचं पेपरवेट होतं.

दोन-तीन सेल एकामागे एक घालायच्या टॉर्च असतात, त्यांच्या बाबतीत मात्र जपून. सगळे सेल एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले, एकत्रच चार्ज केलेले हवेत. त्यांतला एखादा अशक्त असेल तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून वीज उलटी ढकलत राहतात. तापून त्यातून वायू सुटला तर तो ज्वलनशील असतो, विषारीही असतो, आणि घट्ट बंद केलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत त्याला बाहेर पडायला वाट नसते. एका सेलच्या टॉर्चमध्ये उलट ढकलणारा दुसरा सेलच नाही, म्हणून मला तीच बरी वाटते.

चार्जर चांगल्या नावाचा घ्यावा. तो आधी ठरावीक करंटने सेल ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, मग व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू उतरवतो. ३००० एमएएचच्या सेलला दीड अँपिअर पुरे. बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायचे असतात, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात ही वरची मर्यादा ओसरीवरसुद्धा ओलांडली जाते, तेव्हा चार्जिंग रात्री करा. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं, आणि तो सेल कायमचा जायबंदी होतो. हिमालयातल्या ट्रेकला थंडीत सेल मरगळलेला दिसतो तो मात्र तात्पुरता. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलात की सकाळी माणसात येतो. महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धा भरलेला, थंड जागी ठेवा. पूर्ण भरलेला सेल उन्हातल्या गाडीत ठेवणं हा त्याला म्हातारा करण्याचा सर्वात जलद मार्ग आहे.

उरले आपले ओळखीचे पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए. यातले रिचार्जेबल सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्टचे. साठा जेमतेम अडीच वॅट-तास, १८६५०च्या एक पंचमांश. तरी घरातल्या ड्रॉवरमधल्या टॉर्चला मी हेच सुचवेन. अल्कलाइन सेल विसरला गेला की गळतो आणि त्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड टॉर्चचे संपर्क खाऊन टाकतो. जुने निकेलचे सेल पडल्या पडल्या महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरायचे, पण २००५ साली सान्योने एनेलूप आणले आणि ती तक्रार बहुतांशी गेली. वर्षभर पडून राहिले तरी त्यांतला मोठा हिस्सा शिल्लक राहतो. हे सेल आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. फक्त डबल-एच्याच आकाराचा १४५०० हा लिथियम सेल त्या जागी घालू नका. तो ३.७ व्होल्टचा असतो, आणि ज्या टॉर्चवर तो चालतो असं लिहिलेलं नाही तिचं सर्किट जळू शकतं. एनेलूपमध्येही २००० एमएएचचा साधा आणि २५०० एमएएचचा ‘प्रो’ असे दोन प्रकार आहेत. कंपनीच्याच दाव्यानुसार साधा २१०० वेळा चार्ज होतो आणि प्रो ५०० वेळा. ड्रॉवरसाठी साधाच घ्या.