आय-२९ (जपानी पाणबुडी)

आय-२९ ही दुसऱ्या महायुद्धातील जपानी शाही नौदलाची लांब पल्ल्याची पाणबुडी. फेब्रुवारी १९४२ ते जुलै १९४४ अशी जेमतेम अडीच वर्षांची तिची कारकीर्द. भारतात ती ओळखली जाते ती सुभाषचंद्र बोस यांच्यामुळे. एप्रिल १९४३ मध्ये नेताजी भर समुद्रात जर्मन पाणबुडीतून उतरून हिच्यावर चढले. त्याच्या पाचच महिने आधी मुंबईहून सुटलेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज याच पाणबुडीने बुडवले आणि २८० माणसे मेली. नेताजींच्या प्रवासाची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गळतो. दोन्ही वेळी पाणबुडीचा कप्तानही एकच होता, कमांडर जुइची इझू.

नावातला ‘आय’ हा इंग्रजी उच्चार. ‘इ-रो-हा’ या जपानी अक्षरांच्या जुन्या क्रमातले ते पहिले अक्षर, म्हणजे ‘इ’. मोठ्या पाणबुड्यांना ‘इ’, मध्यम आकाराच्यांना ‘रो’ आणि लहानांना ‘हा’ अशी ती प्रतवारी. आपल्याकडच्या अ, ब, क वर्गासारखीच.

बी-१ प्रकारातली ही पाणबुडी योकोसुका येथील नौदल गोदीत बांधली गेली व २७ फेब्रुवारी १९४२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १०९ मीटर, पृष्ठभागावर असताना भार २,५८४ टन. पुढच्या बाजूस पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याच्या सहा नळ्या, सोबत १७ पाणतीर आणि डेकवर १४ सेंमी. तोफ. इंधन पुन्हा न भरता ती १४,००० सागरी मैल जाऊ शके. मुंबई ते मोंबासा अशा जाऊन-येऊन जवळजवळ तीन खेपा तेवढ्यात होतात. मनोऱ्यापुढच्या बंदिस्त कोठीत पंख मिटून ठेवलेले एक छोटे विमान असे. ते डेकवर जोडायचे, कॅटापुल्टने (विमान झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्राने) उडवायचे आणि परत येऊन पाण्यावर उतरले की क्रेनने उचलून घ्यायचे. शत्रूच्या किनाऱ्याजवळ हा खटाटोप चालू असताना पाणबुडीला बुडी मारता येत नसे, त्यामुळे ती तेवढा वेळ उघडीच.

हे विमान लवकरच कामी आले. मे १९४२ मध्ये आय-२९ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर होती. १६ मे रोजी न्यूकॅसलजवळ तिने ‘वेलेन’ या सोव्हिएत जहाजावर तोफ डागली, पण ते निसटले. (जपान व सोव्हिएत संघ यांच्यात तेव्हा तटस्थतेचा करार होता.) आठवड्याभराने तिच्या विमानाने सिडनी बंदरावरून टेहळणी केली. बंदरात मोठ्या युद्धनौका असल्याची खबर गेली आणि ३१ मेच्या रात्री तीन छोट्या जपानी पाणबुड्या बंदरात घुसल्या. अमेरिकी क्रूझर ‘शिकागो’वरचा नेम चुकला आणि पाणतीर ‘कुटाबुल’ या वसतीच्या बोटीखाली फुटून २१ खलाशी ठार झाले.

त्यानंतर आय-२९ हिंदी महासागरात आली. सप्टेंबरात ‘हेअर्सफील्ड’, ‘ओशन ऑनर’, ‘पॉल लकेनबाख’ ही मालवाहू जहाजे तिने बुडवली.

‘तिलावा’ हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे दहा हजार टनी जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्किस (आजचे मापुटो) व दरबानकडे निघाले. जहाजावर ९५८ जण होते. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत धंदापाणी वा नोकरी करणारे हिंदी लोक व त्यांची कुटुंबे. २३ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास सेशेल्सच्या ईशान्येस सुमारे ९३० मैलांवर पहिला पाणतीर लागला. लोक होड्यांत उतरले, पण जहाज काही बुडेना. तेव्हा ते तरून राहील अशा आशेने काही जण परत वर चढले. थोड्या वेळाने दुसरा पाणतीर आला. क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ आणि ‘कार्थेज’ या जहाजांनी ६७८ जणांना वाचवले. त्यांतले बहुतेक २७ नोव्हेंबरला पुन्हा मुंबईच्याच धक्क्यावर उतरले.

तिलावाच्या तळाशी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली चांदी होती. २०१७ साली सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून तिच्या २,३६४ लगडी गुपचूप वर काढण्यात आल्या आणि त्या वर काढल्याबद्दलच्या मोबदल्याचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. बुडालेल्या माणसांपेक्षा या चांदीवर अधिक शाई खर्च झाली आहे.

एप्रिल १९४३ मध्ये आय-२९ पेनांगहून निघाली. या वेळी शिकार नव्हती. पोटात जर्मनीला द्यायचे दोन टन सोने होते आणि इझू यांच्या जोडीला तुकडीप्रमुख कॅप्टन मासाओ तेराओका होते. मादागास्करच्या आग्नेयेस जर्मन पाणबुडी यू-१८० भेटली. फेब्रुवारीत कील बंदर सोडल्यापासून तिच्यात नेताजी व त्यांचे सहकारी आबिद हसन होते. समुद्र इतका खवळलेला की दोन्ही पाणबुड्या एकमेकींना लावणे अशक्य. अखेर २८ एप्रिल रोजी दोर बांधून रबरी तराफ्यावरून दोघांना पलीकडे नेले. पोचेपर्यंत ते नखशिखांत भिजले होते. उलट दिशेने दोन जपानी नौदल अधिकारी जर्मन पाणबुडीत गेले. दोन वेगवेगळ्या नौदलांच्या पाणबुड्यांमध्ये मुलकी प्रवाशांची अशी अदलाबदल त्या युद्धात दुसरी झाल्याची नोंद नाही. लगेच दुसऱ्या दिवशी जपानी सम्राटाचा वाढदिवस होता. पेनांगमधून आणलेल्या मालमसाल्याची झणझणीत करी पाहुण्यांच्या ताटात पडली. यू-१८० मधल्या अडीच महिन्यांच्या तेलकट कोंडवाड्यानंतर ती कशी लागली असेल, याची कल्पना करावी. पाणबुडीच्या डेकवर जपानी खलाशांबरोबर बसलेल्या नेताजींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुमात्राच्या उत्तरेकडील साबांग बेटावर ते उतरले व तेथून विमानाने टोकियोला गेले.

पुढची कामगिरी सर्वांत लांबची. जपान व जर्मनी यांच्यात तंत्रज्ञानाची देवघेव करणाऱ्या पाणबुडी-फेऱ्यांना जपानी नौदल ‘यानागी’ म्हणे. त्यासाठी निघालेल्या पाच पाणबुड्यांपैकी जपानपर्यंत सुखरूप परतली ती एकटी आय-८. आय-२९ वर या वेळी ताकाकाझू किनाशी हा नवा कप्तान आला. आय-१९ वर असताना सहा पाणतिरांच्या एकाच माऱ्यात याने ‘वॉस्प’ ही विमानवाहू नौका बुडवली होती. त्याच माऱ्यात आणखी दोन युद्धनौकाही जायबंदी झाल्या. डिसेंबर १९४३ मध्ये सिंगापूर सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालत आय-२९ ने ११ मार्च १९४४ रोजी फ्रान्समधील लोरियाँ बंदर गाठले. बिस्केच्या उपसागरात ब्रिटिश विमानांचे हल्ले चुकवावे लागले, ते वेगळेच.

परतताना सामान अमोल होते: रॉकेट इंजिन, जेट इंजिन आणि मेसरश्मिट १६३ व २६२ या विमानांचे आराखडे. १४ जुलैला सिंगापूर आले. सगळ्यांत अवघड टप्पा सरला असे वाटण्याजोगी ही जागा. पण जपानी बिनतारी संदेश अमेरिकन वाचत होते आणि पाणबुडी कोणत्या वाटेने जाणार हे त्यांना कळले होते. २६ जुलै १९४४ रोजी लुझॉनच्या उत्तरेस बालिनतांग खाडीत ‘सॉफिश’ ही अमेरिकी पाणबुडी तिच्या वाटेवर टपून होती. आय-२९ पृष्ठभागावरून चालली असताना तिला तीन पाणतीर लागले. एकच खलाशी पोहत किनाऱ्याला लागला. किनाशी गेले, इंजिनेही गेली.

एइची इवाया हे तांत्रिक अधिकारी तेवढे सिंगापूरला उतरून विमानाने टोकियोला गेले होते. त्यांच्याजवळच्या थोडक्या कागदांवरून जपानी अभियंत्यांनी ‘किक्का’ हे जेट विमान उभे केले. त्याचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट १९४५ रोजी झाले, हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी.