सेवानोंदीत राहून गेलेले पदक: कोरियात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अर्जांची पार्श्वभूमी

नव्वदीला टेकलेला एखादा अमेरिकी माजी सैनिक आपल्या सेवामुक्ती दाखल्यात एका पदकाची नोंद करून घ्यावी म्हणून अर्ज करतो, तेव्हा ही नोंद त्याच वेळी का झाली नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. कोरियात 1954 नंतर नोकरी केलेल्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर अगदी सरळ आहे. तो सैनिक घरी परतला तेव्हा ते पदक अस्तित्वातच नव्हते.

कोरियातील युद्ध 27 जुलै 1953 रोजी युद्धविरामाने थांबले, पण शांतता करार कधीच झाला नाही. युद्धात भाग घेतलेल्यांसाठीच्या अमेरिकी सेवापदकाची मुदत 27 जुलै 1954 रोजी संपली. सैन्य मात्र तिथेच राहिले. युद्धकैद्यांचा प्रश्न मिटेपर्यंत उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या निर्लष्करी पट्ट्यात भारताचे रक्षक दल होते आणि कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात त्याचे प्रमुख होते; 1954 च्या आरंभी ते मायदेशी परतले, अमेरिकी तुकड्या त्यानंतरही पहाऱ्यावर उभ्या राहिल्या. 1966 नंतरची काही वर्षे सीमेवर वारंवार चकमकी झडल्या. 1976 च्या ऑगस्टमध्ये याच सीमेवरील पानमुनजोम येथे एका झाडाच्या फांद्या तोडण्यावरून दोन अमेरिकी अधिकाऱ्यांची कुऱ्हाडींनी हत्या झाली. या दीर्घ काळापैकी फक्त 1 ऑक्टोबर 1966 ते 30 जून 1974 एवढ्याच अवधीतील सेवेसाठी एक मोहीमपदक लागू होते. त्याआधीच्या आणि नंतरच्या सैनिकांच्या दाखल्यावर, ते कोरियात होते हे सांगणारे कोणतेही पदक नव्हते.

ही उणीव 2 डिसेंबर 2002 रोजी स्वाक्षरी झालेल्या संरक्षण कायद्याने दूर केली. त्यातून 'कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल' निर्माण झाले आणि ते पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे 28 जुलै 1954 पासून लागू करण्यात आले. सर्वसाधारण अट सलग 30 दिवस किंवा तुटक मिळून 60 दिवस तिथे सेवा केल्याची आहे. सुमारे अर्ध्या शतकाची मागची सेवा अशा रीतीने एका स्वाक्षरीने पदकास पात्र ठरली, पण जुने दाखले आपोआप बदलले नाहीत. ज्याला नोंद हवी, त्याने अर्ज करायचा, अशीच व्यवस्था राहिली.

दाखला म्हणजे 1950 पासून वापरात असलेला 'डीडी 214' हा नमुना. सेवामुक्तीच्या दिवशी सैन्याला जे ठाऊक होते, तेवढेच त्यात उतरते. पुढे काही भर घालायची असेल, तर सहसा मूळ कागद पुन्हा तयार न करता 'डीडी 215' हे दुरुस्तीपत्र त्याला जोडले जाते. सैनिकाचे दप्तर, म्हणजे त्याच्या सेवेच्या कागदपत्रांची फाइल, हाती असेल तर हे काम कारकुनी स्वरूपाचे आहे: कोरियातील मुक्कामाच्या तारखा पाहायच्या, अट पूर्ण होते का ते ठरवायचे आणि नोंद करायची. पण याच सैनिकांच्या दप्तरांचे काय झाले, हा या विषयातला सर्वांत दुःखद भाग आहे.

12 जुलै 1973 रोजी मिसुरी राज्यात, सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. दप्तरे ठेवण्याच्या दालनांत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आग काही दिवस धुमसत राहिली आणि सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख दप्तरे नष्ट झाली. 1912 च्या नोव्हेंबरपासून 1959 अखेरपर्यंत सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या नोंदींपैकी जवळपास 80 टक्के नोंदी त्यात गेल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) नव्हते, आत काय काय होते याची पूर्ण सूचीही नव्हती. जे कागद भिजून वाचले, ते निर्वात कक्षांत वाळवून शक्य तेवढे सावरण्यात आले.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. 1954 ते 1959 या काळात कोरियात राहून घरी परतलेला भूदल सैनिक त्या 80 टक्क्यांच्या पट्ट्यात येतो. त्याच्यासाठी पदक निर्माण झाले, त्याच्या तब्बल 29 वर्षे आधी त्याचा पुरावा जळाला होता. त्याने काही हरवले नव्हते. कागद सरकारच्याच ताब्यात होते. तरीही पुरावा देण्याचा भार व्यवहारात त्याच्याच अंगावर येतो, आणि हे मला न्याय्य वाटत नाही.

अशा वेळी आडवाटेने शोध घ्यावा लागतो. सेवामुक्तीच्या वेळचे वेतनपत्रक, बदलीचे आदेश, माजी सैनिक कल्याण खात्याकडील जुने दावे, राज्याच्या लष्करी कार्यालयातील प्रती असे कागद कामी येतात. प्रत्येक तुकडीचे दैनिक हजेरी अहवालही फार उपयोगी ठरतात, मात्र त्यांत फक्त बदल नोंदले जात: कोण नव्याने आला, कोण आजारी पडला, कोण निघून गेला. येण्याची आणि जाण्याची अशा दोनच नोंदी सापडल्या तरी 30 दिवसांचे गणित सुटते, परंतु त्या शोधायला तुकडीचे नाव अगदी कंपनी या लहान लष्करी उपतुकडीपर्यंत आणि साधारण महिने सांगता यावे लागतात. साठ-सत्तर वर्षांनंतर ते आठवणे सोपे नाही, म्हणून घरातली जुनी पत्रे आणि छायाचित्रांच्या मागे लिहिलेला मजकूरही जपून पाहावा.

एवढे करूनही नकार आला, तर सेवानोंद दुरुस्ती मंडळाकडे जाता येते. या मंडळांचे मूळ 1946 च्या कायद्यात आहे. त्यापूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद सुधारायची तर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्या एका व्यक्तीपुरते विधेयक आणावे लागे. अशा विधेयकांचा भार कमी करण्यासाठी हे अधिकार लष्करी खात्यांकडे, नागरी सदस्यांच्या मंडळांमार्फत, देण्यात आले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करण्याची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते. सैन्याची मूळ नोंद बरोबरच असावी असे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते.

शौर्यपदकाची गोष्ट निराळी आहे. तिथे वरिष्ठांची शिफारस लागते, तिला कालमर्यादा असते आणि मुदत उलटली तर 1996 पासून काँग्रेस सदस्यामार्फत फेरविचार मागण्याची वाट आहे. सेवापदकाला शिफारस लागत नाही; सैनिक त्या काळात तिथे होता, एवढे सिद्ध झाले की हक्क पूर्ण होतो. म्हणूनच असा अर्ज करणाऱ्याकडे उतारवयात मानाची हाव धरणारा म्हणून पाहणे चुकीचे आहे. कायद्याने जे आधीच मान्य केले आहे, ते आपल्या कागदावर लिहिले जावे, एवढेच तो मागतो.

सेवामुक्तीनंतर 62 वर्षांनी सैनिकाचे दप्तर सार्वजनिक अभिलेखात जाते आणि कोणीही शुल्क भरून त्याची प्रत मागवू शकतो. 1959 मध्ये घरी परतलेल्यांची दप्तरे, जी आगीतून वाचली ती, 2021 मध्येच त्यात गेली आहेत.