जायला होम चालतं, बोलवायला प्रो लागतं

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. अकाउंट्सचं काम करतो, रिटर्नचे दिवस आले की ऑफिसातच मुक्काम. "अरे, नवा लॅपटॉप घेतलाय. रिमोट डेस्कटॉप आहे त्यात, मी स्वतः उघडून बघितलं. घरून ऑफिसच्या मशीनला झकास जोडतं. पण ऑफिसातून घरच्या लॅपटॉपला जोडायला गेलो की काही केल्या होत नाही. वायफायची भानगड असेल का?"

रिमोट डेस्कटॉप म्हणजे एका मशीनवर बसून नेटवर्कवरून दुसरं मशीन चालवणं. यात वायफायचा काही संबंध नव्हता. मी त्याला लॅपटॉपवर स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप करून एंटर मारायला सांगितलं. छोटी चौकट उघडते, तिच्यात खाली बारीक अक्षरात विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते. त्याने वाचून दाखवलं, "विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज." मग ऑफिसच्या मशीनवर तेच करायला लावलं. तिथे 'प्रो' होतं.

गोंधळाचं मूळ असं की 'रिमोट डेस्कटॉप' या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं येतात. एक, दुसऱ्या मशीनवर जाणं. दोन, दुसऱ्याला आपल्या मशीनवर येऊ देणं. जाण्यासाठीचा प्रोग्राम, म्हणजे रनमध्ये (विंडोज आणि आर एकत्र दाबून) 'एमएसटीएससी' (mstsc) टाइप केल्यावर उघडतो तो, होममध्येही असतो आणि प्रोमध्येही. मित्राने उघडून बघितला तो हाच. येऊ देण्याची सोय मात्र फक्त प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये. होमवर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं गेलात तर चालू-बंद करायचं बटण मिळत नाही. तुमच्या होम आवृत्तीत ही सोय नाही, एवढंच सांगून पान मोकळं होतं. नाव होम, पण घरी पाहुणा घेण्याची मुभा नाही. दुसऱ्याकडे पाहुणा म्हणून खुशाल जा.

हे आजचं नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हाच प्रोफेशनलमध्ये ही सोय होती, होम एडिशनमध्ये नव्हती. विंडोज ७ मध्येही प्रोफेशनल आणि अल्टिमेटला मिळाली, होम प्रीमियम कोरडंच राहिलं. होमचं विंडोज कमकुवत म्हणून जमत नाही, असं काही नाही. ही धंद्यासाठी आखलेली रेघ आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती वीस-पंचवीस वर्षं हलू दिलेली नाही. दुकानात लॅपटॉप घेताना मात्र रॅम किती, एसएसडी किती, बॅग फुकट का, हे सगळं विचारून होतं. होम की प्रो हे कोणी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही.

तेव्हा पैसे घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: मला *कुठल्या* मशीनवर जायचंय? त्याच मशीनवर प्रो हवं. हातातल्या मशीनवर होम असलं तरी चालतं, मॅक असला तरी चालतो, फोनसुद्धा चालतो. मी दोन्हीकडे प्रो घेतलेली माणसं बघितली आहेत, आणि चुकीच्या मशीनवर प्रो टाकून हात चोळत बसलेलीही.

होमचं प्रो करायचंच असेल तर विंडोज नव्याने टाकावं लागत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून अपग्रेड विकत घेता येतं, मशीन रीस्टार्ट होतं, फाइली जागच्या जागी राहतात. 'होमवर फुकटात रिमोट डेस्कटॉप' शिकवणारे व्हिडिओही भरपूर आहेत. तो जुगाड विंडोजच्या एका फाइलच्या नेमक्या आवृत्तीवर टिकून असतो. अपडेट आलं की कोलमडतो, अँटीव्हायरस त्याला धरतो, आणि लायसन्सच्या अटीत तर तो बसतच नाही. ज्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशोब आहेत तिथे हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रो झालं तरी लोक दोन-तीन ठिकाणी हमखास अडकतात. पहिलं पिन. रोज लॅपटॉप उघडताना चार आकडे टाकायची सवय झालेली असते, पण तो पिन त्या मशीनपुरताच असतो, रिमोटवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांना आठवत नसतो. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज रिमोटवरून आतच घेत नाही. दुसरं, मशीन स्लीपमध्ये गेलं की जोडणी होत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये तेवढं बघून ठेवायचं.

तिसरी गोष्ट छोट्या ऑफिसांची. 'एका मशीनवर टॅली ठेवू, प्रो टाकू, चौघं घरून काम करू,' असा बेत ठरतो. प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून आत गेलात की ऑफिसातल्या स्क्रीनवर लॉक दिसतो, आणि तिथे बसलेल्याने त्याच नावाने लॉगइन केलं की तुम्ही बाहेर. चौघांना एकदम बसायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि माणशी लायसन्स, तो खर्च वेगळा.

घराबाहेरून जोडायचं असेल तर राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार, उघडून मोकळं होऊ नका. जगभरातून पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम याच पोर्टवर घिरट्या घालत असतात. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचं भोक सापडलं, तेव्हा पासवर्डशिवाय आत शिरता येण्याचा धोका होता. मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, दिला, यावरून काय ते समजा. आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप, हा रस्ता बरा.

आता गावाकडे बाबांचा प्रिंटर चालत नाही आणि तुम्हाला पुण्यातून बघायचंय, तर त्यासाठी प्रो घेऊ नका. तिथे मायक्रोसॉफ्टचंच क्विक असिस्ट हे मदतीचं ॲप पुरतं. विंडोज १० आणि ११ च्या होमवरही ते चालतं; कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबले की उघडतं. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून कोड काढायचा, बाबांनी तो टाकून परवानगी द्यायची. फरक एवढाच की क्विक असिस्टला समोर माणूस बसलेला लागतो. रिमोट डेस्कटॉप कुलूप लावलेल्या ऑफिसातही चालतो. मात्र बाबांना एक सांगून ठेवा: बँकेतून बोलतोय म्हणत कोणी असा कोड टाकायला किंवा असलं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. एनीडेस्क या अशाच एका ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मित्राला शेवटी प्रो लागलंच नाही. विचारल्यावर कळलं, घरच्या लॅपटॉपवर अडकलेली एकच एक्सेल फाइल होती. ती त्याने ऑफिसच्या मशीनवर नेऊन ठेवली, आणि आता घरून तिकडे जातो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "सगळं चालतंय, पण तिकडे मराठी टाइप होत नाहीये. विंडोज-स्पेस दाबलं की इथलाच कीबोर्ड बदलतो." रिमोटची खिडकी लहान करून ठेवली असेल तर विंडोज की तुमच्याच मशीनला लागू होते, पूर्ण स्क्रीन केली की पलीकडे जाते. लहान खिडकीतच काम करायचं असेल तर जोडण्याआधी 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', आणि तिथे कीबोर्डच्या खाली 'ऑन द रिमोट कॉम्प्युटर' निवडायचं. आणि पलीकडे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हवं असेल तर डिलीटच्या जागी एंड.