पार्श्वभूमी : १९९१ चे सोने आणि दुर्लक्षित राहिलेला मे महिना

आर्थिक उदारीकरणाचा विषय निघाला की २४ जुलै १९९१ ही तारीख हमखास येते. त्या दिवशी नवे औद्योगिक धोरण संसदेत मांडले गेले, १८ उद्योग सोडून बाकीच्यांना परवान्याची गरज उरली नाही आणि संध्याकाळी अर्थसंकल्पाचे भाषण झाले. त्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. पण देशाचा रस्ता त्याआधीच, मे महिन्यात सोने विकून डॉलर उभारले गेले तेव्हा, वळला होता. तो वळवणारे सरकार राजीनामा देऊन बसलेले होते, म्हणून त्याच्या वाट्याला श्रेय फारसे आले नाही.

परकीय चलनाची टंचाई आपल्याला नवी नव्हती. १९५७ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आयातीने गंगाजळी आटली. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० रुपयांवर नेला गेला. त्या अवमूल्यनाची राजकीय किंमत इतकी मोजावी लागली, की पुढची पंचवीस वर्षे हा शब्द दिल्लीत कुणी मोठ्याने उच्चारत नव्हते.

१९८०च्या दशकातली चूक वेगळी होती. वाढीचा वेग चांगला होता, पण तो उधारीवरचा होता. सरकारी तूट वाढत गेली आणि परदेशातून घेतलेल्या कर्जात अल्पमुदतीच्या कर्जाचा वाटा वाढला. त्यात २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. तेल महागले, आखातातून येणारे पैसे थांबले आणि तिथल्या दीड लाखांहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. पण माझ्या मते खरा घाव घातला तो अनिवासी भारतीयांच्या ठेवींनी. भरवसा उडताच त्या निघू लागल्या. एप्रिल ते जून १९९१ या काळात दरमहा ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर जात होती. देशाची कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या पतमापन संस्थांनी भारताचा दर्जा खाली आणल्यावर परदेशी बँकांनी नवे कर्ज देणे जवळपास बंद केले.

आयात रोखण्याचे उपाय किती टोकाला गेले होते हे एका तपशिलावरून कळते. ऑक्टोबर १९९० मध्ये आयातीची पतपत्रे (परदेशी विक्रेत्याला पैशांची हमी देणारी बँकेची पत्रे) उघडताना बँकेत ५० टक्के रोख अनामत ठेवण्याची सक्ती झाली आणि एप्रिल १९९१ मध्ये ती २०० टक्क्यांवर गेली. म्हणजे १ लाखाचा माल मागवायचा तर आधी २ लाख बँकेत अडकवायचे. छोट्या कारखानदाराने आयात कच्चा माल आणायचा कसा? कारखाने मंदावले आणि त्यामुळे निर्यातही मंदावली. दोर आवळावा तसा हा उपाय आपल्याच गळ्याशी येत होता.

जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले. तेवढ्याने भागणार नव्हते, आणि पुढचे मोठे कर्ज हवे तर खर्चाला कात्री लावणारा अर्थसंकल्प दाखवणे भाग होते. नेमका तोच मांडता आला नाही. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाने हात आखडता घेतला, लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरत्या मंजुरीवर, वेळ मारून नेली गेली आणि ६ मार्चला पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. पुढचे साडेतीन महिने देश काळजीवाहू सरकारच्या हाती होता. गंगाजळी एक अब्ज डॉलरच्या आसपास होती, जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती.

या अवस्थेत सोन्याचा निर्णय झाला. त्याबद्दल आजही गोंधळ आहे, कारण दोन वेगळे व्यवहार एकातच मोजले जातात. पहिला मे महिन्यातला, निवडणुकीच्या धामधुमीतला. तस्करांकडून जप्त होऊन सरकारजमा झालेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेला विकले गेले. सहा महिन्यांनी परत विकत घेण्याची मुभा करारात होती. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. सुरुवात जप्तीच्या सोन्यापासून करण्यात शहाणपण होते, कारण रिझर्व्ह बँकेच्या साठ्याला त्यात हात लागत नव्हता.

दुसरा व्यवहार जुलैमधला. तोवर नवे सरकार आले होते. रिझर्व्ह बँकेचे ४६.९१ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून ४०.५ कोटी डॉलर घेतले गेले. कायद्याने साठ्याचा किमान १७/२० हिस्सा देशातच राहायला हवा, म्हणून आकडा उरलेल्या १५ टक्क्यांत बसवलेला होता. सोने मुंबईतच राहू द्या, ही विनंती मान्य झाली नाही. ते प्रत्यक्ष लंडनला न्यावे लागले. विमानतळाच्या वाटेवर ताफ्यातल्या एका गाडीचा टायर फुटला आणि सुरक्षा रक्षकांची धावपळ उडाली, ही आठवण पुढे संबंधित अधिकाऱ्यांनीच सांगितली. त्याच दिवसांत, १ आणि ३ जुलैला, रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि डॉलर २१ रुपयांवरून जवळपास २६ रुपयांवर गेला.

बातमी फुटली तेव्हा संताप उसळला. घरातले सोने सावकाराकडे गेल्याची लाज काय असते, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काळजीवाहू सरकारला असा निर्णय घेण्याचा अधिकारच नव्हता, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि अजूनही घेतला जातो. मला तो पटत नाही. कर्जाचे हप्ते निवडणुकीच्या निकालासाठी थांबणार नव्हते. एक हप्ता जरी चुकला असता, तरी स्वातंत्र्यापासून एकदाही कर्ज न बुडवल्याची पत गेली असती आणि जुलैच्या सुधारणा धनकोंनी सांगितलेल्या अटींवर कराव्या लागल्या असत्या. अटी आल्याच, हे खरे. पण त्या कर्ज न थकवलेल्या देशाशी झालेल्या बोलण्यातून आल्या. मेमध्ये मिळालेले डॉलर आकड्याने किरकोळ असतील, पण त्यांनी नव्या सरकारला श्वास घेण्यापुरता अवधी मिळवून दिला.

पुढचा क्रम वेगवान होता. वर्ष संपायच्या आत तारणाचे कर्ज फिटले. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरचे सरकारी नियंत्रण गेले आणि दुहेरी विनिमय दर (एक सरकारी, एक बाजारातला) आला. १९९३ मध्ये तो एक झाला आणि रुपयाचा भाव बाजारावर सोपवला गेला.

कर्ज फिटले तरी सोने घरी आले नाही. १९९१ पासून ६५.४९ टन सोने परदेशातच ठेवलेले आहे, असा उल्लेख रिझर्व्ह बँकेच्या अहवालांत वर्षानुवर्षे येत राहिला. लंडनसारख्या बाजारात ठेवलेले सोने अडचणीत लगेच वापरता येते, त्यामुळे त्यात गैर काही नव्हते. २००९ मध्ये भारताने नाणेनिधीकडूनच २०० टन सोने ६.७ अब्ज डॉलरना विकत घेतले आणि तेही बाहेरच राहिले. २०२१ मध्ये गंगाजळीने ६०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधून सुमारे १०० टन सोने देशात आणले गेले, तेव्हा अनेक मथळ्यांनी १९९१ चा डाग पुसला गेल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तो साठवणुकीच्या जागेचा निर्णय होता. १९९१ च्या सोनेतारण कर्जाची पै न् पै त्याच वर्षी चुकती झाली होती.