बटची लांबी आणि आय रिलीफ: एकाचं दुखणं दुसऱ्याला लावू नका

कोकणात फौजेत जायची परंपरा जुनी, महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर नावातच फौज मिरवतं, आणि आता रत्नागिरी चिपळूणकडची पोरंपोरी एनसीसीपासूनच रायफल खांद्याला लावायला शिकतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण शिस्त घेताना, म्हणजे नेम धरताना, ज्या दोन अंतरांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती हीच.

बट म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, आणि बटची लांबी म्हणजे ट्रिगरपासून बट प्लेटच्या (बटच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या) शेवटापर्यंतचं अंतर. आय रिलीफ म्हणजे स्कोपच्या (रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीच्या) मागच्या काचेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर, ज्या अंतरावर चित्र पूर्ण गोल दिसतं. पहिलं ठरतं माणसाच्या अंगावरून, म्हणजे हात, मान, छातीवरचं जॅकेट. दुसरं त्या स्कोपच्या भिंगातच ठरलेलं असतं, तुमच्या उंचीशी त्याचा काही संबंध नाही.

गल्लत का होते? स्कोपमध्ये कडेला काळी सावली दिसली की पोरगा म्हणतो बट लांब झाला, आणि बट आत ढकलतो. डोळा पुढे येतो, सावली जाते, सगळे खूश. पण आता पकडीचा अंगठा नाकाला लागतो, कोपर अवघडतं आणि फायर झाला की स्कोप भुवईवर आपटायची भीती. खरं तर बट बरोबर होता, स्कोप रेलवर (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर) मागे सरकवायचा होता. म्हणून क्रम कायम एकच, आधी बट, मग साइट, म्हणजे स्कोप किंवा नेम धरायचं जे काही साधन असेल ते.

बटचं माप ही काही नवी चैन नाही. जुन्या ली एनफिल्ड या ब्रिटिश रायफलचे बट लाँग, नॉर्मल, शॉर्ट असे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने यायचे, आणि नॉर्मलपेक्षा 1 इंच आखूड बँटमसुद्धा होता. म्हणजे शिपायाला रायफल बसली पाहिजे हे तेव्हाही कळत होतं. उलट अमेरिकनांनी एम16ए2 या रायफलचा बट आधीपेक्षा 5/8 इंच लांब केला, आणि अंगावर बॉडी आर्मर चढवल्यावर तो बऱ्याच जणांना लांब पडायला लागला. त्यामुळे कोपराच्या खोबणीत बट ठेवून बोट ट्रिगरला पोचतं का बघायची जी पद्धत आहे ती फक्त अंदाजाला ठीक, खरं माप पूर्ण किट घालून, उभं राहून आणि झोपून दोन्ही पोझिशनला घ्या. नाक आणि अंगठ्यात दोनेक बोटं जागा राहिली, मान ताणावी लागली नाही, की बट बसला.

मग साइट. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल बटवर टेकवा, डोळे उघडा. चित्र पूर्ण नसेल तर मान हलवू नका, स्कोप हलवा. झूम असेल तर सगळ्यात मोठ्या झूमवर तपासा, कारण तिथे डोळ्याला चूक माफ होत नाही. झोपून फायर करताना डोकं आपोआप पुढे जातं हेही धरा.

साध्या स्कोपला साधारण 3 ते 4 इंच आय रिलीफ असतो, पण एकॉग नावाच्या लष्करी स्कोपच्या 4 पटीच्या एका प्रसिद्ध मॉडेलला फक्त दीड इंच. रेड डॉटला (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटला) हे बंधन जवळजवळ नाहीच, म्हणून सह्याद्रीच्या दाट रानात, जिथे चार झाडांपलीकडे दिसत नाही, मला तोच बरा वाटतो. मात्र बॅटरी लागते, आणि ज्यांच्या डोळ्याला अॅस्टिग्मॅटिझम आहे त्यांना ठिपका फिसकटलेला दिसतो. जुन्या एसएलआर रायफलसारखं अपर्चर, म्हणजे बघायचं बारीक भोक, असेल तर उलट डोळा जितका जवळ तितकं बरं, बॅटरीची कटकट नाही, पण आपल्या पावसात भोकात पाण्याचा पडदा धरतो, फुंकर मारायची सवय लावा.

आणि जुलैत एसीच्या खोलीतून रायफल बाहेर काढली की थंड काचेवर लगेच वाफ धरते. स्कोपच्या आत नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरची काच वाफाळणारच, आय रिलीफ कमी असेल तर श्वासाने अजूनच. तेव्हा आधी बाहेर ठेवून काच हवेशी जुळू द्या.

साइट रेलवर एक खाच जरी सरकवली तरी झिरो, म्हणजे साइट आणि गोळी लागायची जागा यांची जुळणी, परत करायचा. नुसता बट बदलला तर झिरो तसा जागचा हलत नाही, पण डोकं नव्या जागी टेकतं, म्हणून दोन चार राउंड टाकून ग्रुप, म्हणजे गोळ्या एकत्र कुठे लागतात ते, बघून घ्यायचाच.