ओपन डेटाचं आश्वासन आणि सरकारकडून त्याचा हिशोब घेणं

सरकार जेव्हा म्हणतं की अमुक माहिती आम्ही स्वतःहून, सगळ्यांसाठी, फुकट आणि कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात टाकू, तेव्हा ते ओपन डेटाचं आश्वासन झालं. ते कायद्यात असतं, धोरणात असतं, नाहीतर कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय मंचावर दिलेलं असतं. ते पाळलं का, वेळेत पाळलं का, टाकलेला डेटा कुणाच्या कामाचा आहे का, नसेल तर जबाबदार कोण, हे विचारत राहणं म्हणजे त्याचा हिशोब घेणं. भारतात हे काम मुख्यतः आरटीआयवाले, पत्रकार, संशोधक आणि अधूनमधून कोर्ट यांनी केलंय.

आंतरराष्ट्रीय पातळीवर यासाठी ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप आहे. सप्टेंबर २०११ मध्ये आठ देशांनी ती सुरू केली, सदस्य देश साधारण दोन वर्षांचा कृती आराखडा देतो, काय करणार आणि कधीपर्यंत ते त्यात लिहितो, आणि मग स्वतंत्र परीक्षक ते तपासून रिपोर्ट जाहीर करतात. भारत सुरुवातीच्या तयारीत होता पण स्थापनेआधीच बाजूला झाला, बाहेरच्यानं तपासणी करायची हा मुद्दा अडला असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. या मंचाच्या हातात दंड वगैरे काही नाही, फार तर नाव खराब होतं. २०१६ मध्ये अझरबैजानला निष्क्रिय ठरवलं गेलं, त्याच वर्षी हंगेरी स्वतःच बाहेर पडला, म्हणजे ज्याला फरक पडत नाही त्याला नाहीच पडत.

भारतातलं सगळ्यात मोठं आश्वासन मात्र ओपन डेटा हा शब्द इथे रुळायच्या आधीचं आहे, आणि ते थेट कायद्यात आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४. लोकांना आरटीआय म्हटलं की दहा रुपयांचा अर्ज आठवतो, पण कायद्याची मूळ कल्पना अशी की अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी दिल्यात: कुठल्या अधिकाऱ्याला काय अधिकार, कुणाला किती पगार, बजेट किती आणि खर्च किती, सबसिडीचे लाभार्थी कोण, परवाने कुणाला दिले वगैरे. हे सगळं कायदा मंजूर झाल्यापासून १२० दिवसांत जाहीर करून पुढे दरवर्षी अपडेट करायचं होतं, म्हणजे पहिली मुदत ऑक्टोबर २००५ लाच संपली. आज कुठल्याही तालुक्याच्या ऑफिसची वेबसाइट उघडा, ही १७ बाबींची पानं बऱ्याचदा असतात, फक्त त्यात बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव आणि चार वर्षांपूर्वीचं बजेट असतं.

असं का होतं याचं उत्तर कायद्यातच आहे. एका माणसाच्या अर्जाला विनाकारण उशीर केला तर कलम २० खाली जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. पण तीच माहिती सगळ्या जनतेसाठी टाकलीच नाही तर दंड शून्य. एकाला नाही दिली तर गुन्हेगार, लाखोंना नाही दिली तर काही नाही, हा कायद्यातला सगळ्यात विचित्र भाग आहे असं माझं मत. आरटीआयच्या तक्रारी आणि अपिलं ऐकणारा माहिती आयोग कलम १९(८) वापरून एखाद्या कार्यालयाला माहिती प्रसिद्ध करायला सांगू शकतो, ते हत्यार आहे, पण आयोगाकडे आधीच ढीग. आरटीआयवर काम करणाऱ्या सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांत महाराष्ट्राच्या आयोगाकडची प्रलंबित प्रकरणं लाखाच्या वर होती, तिथे कलम ४ ची तक्रार कधी वर येणार.

ऑगस्ट २०२३ मध्ये किशनचंद जैन यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना सांगितलं की कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवा, त्रयस्थ संस्थेकडून ऑडिटची जी सूचना केंद्राच्या कार्मिक विभागानं २०१३ मध्येच काढली होती ती पाळली जातेय का ते बघा. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची सूचना पाळा हे सांगायला कोर्टात जावं लागलं.

ओपन डेटा या नावानं जे धोरण आलं ते मार्च २०१२ चं, राष्ट्रीय डेटा शेअरिंग धोरण, आणि त्यातूनच त्याच वर्षी डेटा डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी पोर्टल सुरू झालं. प्रत्येक विभागानं तीन महिन्यांत किमान पाच महत्त्वाचे डेटासेट, म्हणजे माहितीचे संच, टाकायचे, बाकीचे वर्षभरात, आणि काय देणार नाही त्याची निगेटिव्ह लिस्ट सहा महिन्यांत, असं ठरलं होतं. धोरण चांगलं होतं, पण धोरण म्हणजे कायदा नाही, मुदत चुकली तर कोर्टात काय म्हणून जाणार? शिवाय 'डेटासेट टाकला' एवढंच मोजलं की मग आकडा वाढवायला एकच तक्ता राज्यवार, वर्षवार तुकडे करून टाकता येतो, आणि कागदोपत्री काम झालेलं दिसतं.

फॉरमॅटची चलाखी तर वेगळीच. एक्सेलमध्ये तयार असलेला तक्ता प्रिंट काढून, शिक्का मारून, सही करून, परत स्कॅन करून तिरकी पीडीएफ अपलोड केली जाते. जुने मराठी कागद युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये असतील तर कॉपी-पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला समोर येतो, सर्च तर विसराच. माहिती दिली नाही असं म्हणता येत नाही आणि वापरताही येत नाही. राजकीय पक्षांना देणगी द्यायच्या इलेक्टोरल बाँडची माहिती सुप्रीम कोर्टानं जाहीर करायला लावली तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं, आधी खरेदीदारांची यादी वेगळी आणि पक्षांची वेगळी, दोन्ही जोडायला लागणारे बाँड नंबरच नाहीत, कोर्टानं परत खडसावल्यावर आठवड्याभरात नंबर आले आणि मग कुणाचा पैसा कुठल्या पक्षाला गेला ते लागलं.

आणि कधीकधी डेटा तयार असूनही बाहेर येत नाही. २०१७-१८ चा रोजगाराचा सर्व्हे राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं मंजूर करूनही अडकला, जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, बेरोजगारी ६.१ टक्के हा आकडा पेपरात फुटला, आणि निवडणूक झाल्यावर ३१ मे ला सरकारनं तोच ६.१ अधिकृतपणे दिला. त्याच वर्षाचा कुटुंबाच्या खर्चाचा सर्व्हे तर डेटाच्या दर्जाचं कारण देऊन सोडूनच दिला.

मग चाललं कुठे? जिथे लोकांना नेमकं काय हवं ते त्यांनीच सांगितलं आणि पाठपुरावा सोडला नाही तिथे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं नव्वदच्या दशकात जनसुनावणीत मस्टर म्हणजे मजुरांची हजेरीपुस्तकं आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवली, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघालेली गावानंच पकडली. त्याच परंपरेतून सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे जन सूचना पोर्टल आलं, रेशन दुकानापासून पेन्शनपर्यंतची माहिती अर्जाशिवाय. महाराष्ट्रात आधी पुणे महापालिकेत सुरू झालेली सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल बघू द्यायची पद्धत नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हास्तरावरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू झाली. रस्त्याच्या कामाची फाईल मागा, त्यात वर्क ऑर्डर, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि बिलं एकत्र बघायला मिळतात, पोर्टलवर यातलं क्वचितच काही असतं. सगळी ऑफिसं हे पाळतात असं नाही, जाताना जीआरची प्रत खिशात ठेवलेली बरी.

आता नवा पेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आहे. त्याच्या कलम ४४(३) नं आरटीआयचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच नाकारता यायची आणि मोठं जनहित असेल तर तेव्हाही द्यावी लागायची, आता ती वैयक्तिक आहे एवढंच कारण पुरतं. लाभार्थ्यांची यादी, मस्टरवरची नावं, ठेकेदाराचं नाव, यातलं वैयक्तिक नाही असं काय उरतं? सरकारचं म्हणणं की जनहितासाठी माहिती द्यायची सोय कलम ८(२) मध्ये तशीच आहे. आहे खरी, पण जनहित मोठं की नाही हे पहिल्यांदा ठरवणार ते कार्यालयच, ज्याची ती फाईल आहे.